फातिमाबींचे श्रेय आणि आपली सनद

मराठी मुसलमानांच्या लेखनात एक तक्रार गेली कित्येक वर्षे सातत्याने मांडली जाते आणि ती रास्त आहे. या मातीच्या घडणीत मुसलमानांनी जे कष्ट घातले त्यांची नोंद पुरेशी झाली नाही. झाली तेथे ती कुठल्या तरी प्रकरणाच्या शेवटी, चार ओळींत उरकण्यात आली. श्रीगोंद्याचे शेख महंमद, लावणी-पोवाड्याचे सगनभाऊ, डफ घेऊन गावोगाव फिरलेले अमर शेख, अशी नावे आपण वारंवार घेतो ती याच भावनेतून. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीमागे ही वेदना होतीच. परंतु श्रेय मागणाऱ्याला आपल्या हिशेबाची वहीही उघडी ठेवावी लागते. आपण जे मागतो ते कशाच्या आधारावर, हे विचारण्याचा हक्क समोरच्याला असतो. तो विचारण्याआधी आपण स्वतःला विचारले असेल, तर पुढची नामुष्की टळते. प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न फातिमा शेख यांच्या संदर्भात विचारणार आहोत. त्यांच्याबाबतीत श्रेयाचा प्रश्न आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत, की एक बाजूला ठेवून दुसऱ्याचा विचारच करता येत नाही.

९ जानेवारी २०२५ रोजी पत्रकार दिलीप मंडल यांनी सामाजिक माध्यमावर जाहीर केले, की फातिमा शेख नावाची व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हती, ते पात्र आपणच निर्माण केले. २००६ पूर्वी हे नाव कुठेही आढळणार नाही, असाही त्यांचा दावा होता. मंडल त्या वेळी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाचे माध्यम सल्लागार होते. साहजिकच विधानाचा गाजावाजा झाला. आपल्याकडे काहींनी संताप व्यक्त केला, काही गोंधळून गेले आणि काही शाळांतल्या शिक्षकांना तर, आपण मुलींना इतकी वर्षे काय शिकवले, असा प्रश्न पडला.

या दाव्याचे उत्तर अवघड नव्हते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे, दुसरे २९ ऑगस्ट १८६८ चे आणि तिसरे २० एप्रिल १८७७ चे. पैकी पहिल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. २००६ च्या अठरा वर्षे आधी छापलेल्या सरकारी प्रकाशनात जे नाव आहे, ते २००६ नंतर कुणी निर्माण केले असे म्हणणे टिकत नाही. गंमत अशी, की या सर्व प्रकरणात मंडल यांनीही श्रेयच मागितले होते. जे आपण घडवले नाही त्याचे श्रेय, आणि तेही एक माणूस पुसून टाकून!

विषय येथे संपवता आला असता. बऱ्याच जणांनी तो येथेच संपवला. आम्हांला मात्र वाटते, की खरा विचार येथून सुरू व्हायला हवा. एक वाक्य लिहून कुणालाही हे प्रकरण हलवता आले, याचे कारण काय? पुरावा नव्हता असे नाही. पुरावा होता, पण आपण त्याच्यावर इतके हार चढवले होते, की तो दिसेनासा झाला होता.

म्हणून आधी ते पत्र नीट वाचू. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला, माहेरी गेल्या आहेत. भावाने त्यांची सेवाशुश्रूषा केली आहे. आता प्रकृती सुधारत आहे, पूर्ण बरी झाले की पुण्याला येईन, काळजी नसावी, असा पत्राचा आरंभ आहे. पत्राच्या मायन्यातच नवऱ्याचा उल्लेख सत्याशी जोडून केलेला आहे. पुढे येतो तो फातिमाचा उल्लेख, अगदी ओझरता. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल याची जाणीव आणि ती त्याबद्दल कुरकुर करणार नाही ही खात्री. एवढेच. मग पत्र दुसऱ्याच विषयाकडे वळते. महार-मांगांसाठी तुम्ही नवराबायको जे करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, असे भाऊ म्हणतो. सावित्रीबाई त्याला ठणकावून उत्तर देतात आणि आईचे मनही वळते. पत्राचा मोठा भाग या संवादाने व्यापला आहे.

आता या उल्लेखाची किंमत काय? आमच्या मते ती फार मोठी आहे आणि तिचे मोठेपण उल्लेखाच्या लहानपणातच आहे. हे पत्र जगाला दाखवण्यासाठी लिहिलेले नाही. नवऱ्याला लिहिलेल्या घरगुती पत्रात फातिमा कोण हे सांगावे लागत नाही. तिची ओळख करून द्यावी लागत नाही, याचा अर्थ ती त्या घरात, त्या कामात, रोजची आहे. आजारी बाईला माहेरी पडल्या पडल्या आठवते ते आपल्या वाट्याचे काम आणि ते आता कुणाच्या खांद्यावर गेले असेल हा विचार. ‘मी नाही म्हणून तिच्यावर भार’ ही जाणीव असणे आणि ती कागदावर उतरवणे, हे श्रेय देण्याचे अत्यंत निर्मळ रूप आहे. त्यात गौरव नाही, पदवी नाही, सत्कार नाही. सोबत काम करणाऱ्या बाईचे नाव घेतलेले आहे आणि तिच्या स्वभावावरचा विश्वास आहे. फातिमाबींवर पुढे लिहिल्या गेलेल्या शेकडो पानांत याच्या तोडीचे काही आम्हांला आढळलेले नाही.

पण प्रामाणिक वाचन करायचे तर त्या पत्रात काय नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यात नुसते ‘फातिमा’ आहे, ‘शेख’ हे आडनाव नाही. शाळा हा शब्द त्या उल्लेखाला जोडलेला नाही. हा भार शाळेच्या कामाचा होता असे आपण म्हणतो ते अनुमान आहे. ते भक्कम अनुमान आहे, कारण १८५६ मध्ये फुले दांपत्याचे पुण्यातले जीवन शाळा आणि शिक्षण यांभोवतीच फिरत होते, आणि सावित्रीबाई नसताना ज्याची ओढाताण व्हावी असे दुसरे मोठे काम कोणते? तरीही अनुमान ते अनुमानच. तसेच, भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची आणि पत्र १८५६ चे. मधे आठ वर्षे आहेत. १८४८ च्या पहिल्या दिवसापासून फातिमाबी भिडेवाड्यात शिकवत होत्या, असे हे पत्र सांगत नाही.

आता चढवलेल्या हारांकडे वळू. फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी झाला असे सर्रास लिहिले जाते. २०२२ साली याच तारखेला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले आणि ती तारीख जगभर गेली. या तारखेला समकालीन कागदाचा आधार कुणी दाखवलेला नाही. साल सावित्रीबाईंचेच, महिना सावित्रीबाईंचाच, दिवस तेवढा सहाने पुढे. हे जुळणे पाहून तरी लिहिणाऱ्याच्या मनात शंका यायला हवी होती. ‘पहिल्या मुस्लिम शिक्षिका’ हे बिरुदही तसेच. मोहल्ल्यातल्या मुलींना घरी बसवून कुरआन शिकवणाऱ्या उस्तानी मुस्लिम समाजात पूर्वापार होत्या. त्यांना शिक्षिका म्हणायचे नाही काय? आधुनिक पद्धतीच्या शाळेतील आपल्याला माहीत असलेल्या आरंभीच्या मुस्लिम शिक्षिकांपैकी एक, असे म्हटले तर त्यात खोटे काही नाही आणि फातिमाबींचे काही कमीही होत नाही. पण ‘पहिल्या’ या शब्दाची आपल्याला भूक लागलेली असते. शर्यतीत दुसरा आलेला माणूस आपल्याला दिसतच नाही.

उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आसरा दिला, सावित्रीबाई आणि फातिमा यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे एकत्र प्रशिक्षण घेतले, जुन्या छायाचित्रात सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेली स्त्री म्हणजे फातिमाच, अशा आणखी काही गोष्टी सांगितल्या जातात. त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. फुले चरित्राच्या परंपरेत, सत्यशोधक कुटुंबांच्या आठवणींत अशा गोष्टी जपल्या गेल्या असतील, तर त्यांनाही मोल आहे. आमचे म्हणणे एवढेच, की परंपरेने आलेली गोष्ट ‘परंपरा सांगते’ असे म्हणून सांगावी. कागदावरची गोष्ट, तीवरून काढलेले अनुमान, ऐकीव परंपरा आणि लेखकाची कल्पना ही चार निरनिराळी धान्ये आहेत. आपण ती एका पोत्यात भरली. मग कुणी त्यातला एक खडा काढून दाखवला, की सगळे पोतेच फेकून द्यायला लोक तयार होतात. ९ जानेवारी ही तारीख सिद्ध करता येत नाही, म्हणून फातिमाच नव्हती असे म्हणणारे निघाले, ते यामुळेच.

वाढीव लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हे आम्ही जाणतो. मुस्लिम मुलींना शाळेची गोडी लागावी, बहुजन आणि मुस्लिम समाजाचे नाते दृढ व्हावे, हे हेतू चांगलेच आहेत. परंतु चांगल्या हेतूने केलेली भर किती घातक असते, हे आपल्या परंपरेइतके दुसऱ्या कुणी क्वचितच ओळखले असेल. हदीसच्या अभ्यासकांनी ‘मौजू’, म्हणजे बनावट हदीसांचा शोध घेतला, तेव्हा त्या रचणाऱ्यांत पाखंडी जसे होते, तसे सोज्वळ, धर्मनिष्ठ लोकही होते. मर्वच्या नूह बिन अबी मरयम याची हकिकत प्रसिद्ध आहे. लोक कुरआनकडे पाठ फिरवून इतर विद्यांत रमले आहेत असे पाहून त्याने एकेका सूरेच्या फजिलतीच्या हदीस रचल्या, असे सांगितले जाते. हेतू पाहून त्याला कुणी सूट दिली नाही. बाराव्या शतकात इब्न अल-जौझी यांनी अशा बनावट हदीसांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मजकूर कितीही उदात्त असो, तो कुणी कुणाकडून ऐकला ही साखळी तुटलेली असेल तर तो स्वीकारायचा नाही, हा त्या विद्येचा दंडक. मजकूर म्हणजे मतन आणि साखळी म्हणजे इस्नाद. या इस्नादच्याच धातूपासून आलेला ‘सनद’ हा शब्द मराठीत शेकडो वर्षे नांदतो आहे. जहागिरीला सनद लागे, वकिलाला आजही लागते. मूळ अर्थ टेकू, आधार. ज्या समाजाने भाषेला हा शब्द दिला, त्याने आपल्या थोर बाईबद्दल बिनसनदी लिहावे, हे बरे दिसत नाही.

येथे श्रेयाचा दुसरा पैलू समोर येतो. या लेखासाठी आम्ही फातिमाबींवरचे मराठीतले दहाबारा लेख, स्मरणिकांतले मजकूर आणि शालेय भाषणांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. बहुतेकांत वाक्ये तीच, त्यांचा क्रम तोच. एका ठिकाणची मुद्रणाची चूकसुद्धा दुसऱ्या ठिकाणी तशीच उतरलेली. लेखकांची नावे मात्र वेगवेगळी. मूळ मजकूर कुणाचा, हे कुणीही सांगितलेले नाही. एकाही ठिकाणी डॉ. माळी यांचे नाव आम्हांला दिसले नाही. ज्या संपादकाने सावित्रीबाईंचे साहित्य एकत्र केले, ज्याच्या पुस्तकामुळे ते पत्र सर्वसामान्य वाचकाच्या हाती आले, त्याचे नाव फातिमाबींच्या श्रेयासाठी तळमळणाऱ्यांनी घेऊ नये, यासारखा विरोधाभास नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचे श्रेय गिळून आपल्या माणसाचे श्रेय मागता येत नाही.

आणि हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असे कुणी समजू नये. ‘हे मी अमक्याच्या पुस्तकातून घेतले’ असे लिहिणे म्हणजे त्या लेखकावर उपकार करणे नसते. वाचकाला मागे जाण्यासाठी ती वाट ठेवलेली असते. ९ जानेवारी ही तारीख पहिल्यांदा कुणी लिहिली, हे आज शोधणे कठीण झाले आहे, कारण प्रत्येकाने ती उचलली आणि कुठून उचलली ते पुसून टाकले. प्रत्येकाने आपल्यापुरती लहानशी चोरी केली आणि त्या चोऱ्यांची बेरीज होऊन एका बाईचा इतिहास संशयास्पद झाला. उलट १९८८ चे ते पुस्तक नाव, पान आणि प्रकाशकासह दाखवता आले, म्हणून २०२५ मध्ये आपल्याला बोलता आले. एका माणसाने व्यवस्थित केलेले काम सदतीस वर्षांनी समाजाच्या मदतीला धावून आले.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कागदाचाच हट्ट धरला तर ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास उरणारच नाही. ज्यांनी दप्तरे लिहिली त्यांचेच पूर्वज थोर ठरतील. हे खरे आहे. खुद्द सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय त्यांच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी निघाले आणि पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळायला २०१४ साल उजाडले. त्यांची ही कथा, तर फातिमाबींची काय? पगार न घेणारी स्त्री पगाराच्या यादीत सापडत नाही. संस्थेच्या अहवालात चिटणीसांची, देणगीदारांची नावे येतात, वर्गात उभी राहणारी बाई येईलच असे नाही.

याच काळातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. कुणीतरी तिच्या हाती लेखणी दिली, कुणीतरी तो निबंध तिचा म्हणून छापला. म्हणून आज मुक्ता स्वतःच्या शब्दांत आपल्याशी बोलते. तिच्याबद्दल आपल्याला ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागत नाही. फातिमाबींच्या वाट्याला हे आले नाही. त्यांचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही, पोहोचला तो मैत्रिणीच्या पत्रातला एक उल्लेख. तेव्हा कागद कमी असणे हा फातिमाबींविरुद्धचा पुरावा होत नाही. स्त्रियांचे, गरिबांचे, मुसलमानांचे काम नोंदवण्याची तेव्हाच्या समाजाला गरज वाटली नाही, याचा तो पुरावा आहे. हे ठामपणे सांगितले पाहिजे. पण रिकामी जागा रिकामी आहे असे सांगणे वेगळे आणि ती आपल्या मनाने भरणे वेगळे. पहिल्यात अन्यायाची नोंद होते, दुसऱ्यात अन्याय झाकला जातो. सगळे चरित्र तयार असेल, तर कुणाला वाटणार की काही हरवले आहे?

कवी, नाटककार, कादंबरीकार यांना मोकळीक आहेच. फातिमाबी सकाळी घरातून निघताना काय म्हणाल्या असतील, मोहल्ल्यातल्या टोमण्यांना त्यांनी काय उत्तर दिले असेल, हे ललित लेखकाने जरूर कल्पावे. मराठीत अशी एक सशक्त कादंबरी यावी, अशी आमची इच्छाच आहे. पण तिच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापलेले असावे आणि तिच्यातला संवाद पुढच्या वर्षीच्या भाषणात इतिहास म्हणून येऊ नये.

संशोधकांना तर काम पडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील पुण्यातल्या शाळांचे अहवाल, मिशनांची कागदपत्रे, ‘ज्ञानोदय’चे अंक, जुन्या मशिदी व कब्रस्तानांच्या नोंदी, मुस्लिम घरांतल्या उर्दू-फार्सी वह्या हे सर्व फातिमाबींचे नाव मनात ठेवून चाळले गेले पाहिजे. मोडी आणि उर्दू दोन्ही वाचू शकणारे तरुण यासाठी लागतील. जयंतीच्या फलकांवर जो खर्च होतो त्याचा एक भाग अशा दोनचार मुलामुलींच्या शिष्यवृत्तीसाठी बाजूला काढला, तर फातिमाबींच्या नावाने ती खरी खैरात होईल. शोधातून एखादी नवी नोंद हाती येईल, किंवा एखादी आवडती गोष्ट सोडून द्यावी लागेल. दोन्हींची तयारी हवी.

तोवर आपण काय म्हणावे? पुण्याचा भिडेवाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. अशा स्मारकात फातिमाबींचे नाव असावे, असा आग्रह आपण धरणार आणि धरलाही पाहिजे. त्या नावाखाली मजकूर कोणता असावा, ही आमची सूचना अशी: ‘फातिमा. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत त्यांच्यावर पडणाऱ्या भाराची काळजी व्यक्त केली आहे. परंपरेने त्या फातिमा शेख म्हणून ओळखल्या जातात.’ यात जन्मतारीख नाही, ‘पहिल्या’ हा शब्द नाही, एकही विशेषण नाही. काहींना हा मजकूर कोरडा वाटेल. पण उद्या कुणी कितीही मोठ्या पदावरून उठून बोलले, तरी यातले एक अक्षरही त्याला खोडता येणार नाही.